‘नो सिग्नल’ दिसलं की आधी लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये बघा

तुमच्या दोन अडचणी वेगवेगळ्या आहेत. जुन्या हॉलमधल्या व्हीजीए (जुन्या पद्धतीची, फक्त चित्र नेणारी जोडणी) प्रोजेक्टरला यूएसबी-सी अडॅप्टरने लॅपटॉप जोडला की ‘नो सिग्नल’ येतं. नव्या हॉलमध्ये एचडीएमआयवर चित्र येतं, पण तुमच्या नोट्स सगळ्या श्रोत्यांना दिसतात.

पहिलीपासून सुरुवात करू. पडदा निळा दिसला की लोक केबल काढ-घाल करत बसतात, रिमोटची सगळी बटणं दाबून बघतात. त्याआधी विंडोजची डिस्प्ले सेटिंग उघडा आणि तिथे दुसरी स्क्रीन दिसते का ते पाहा. दिसत असेल तर पोर्ट, अडॅप्टर आणि केबल बहुतेक ठीक आहेत. मग प्रोजेक्टरवर चुकीचा सोर्स निवडलेला असतो (‘कॉम्प्युटर १’ आणि ‘कॉम्प्युटर २’ मध्ये हमखास गफलत होते), नाहीतर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून येणाऱ्या यादीत ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडलेलं असतं. दुसरी स्क्रीन दिसतच नसेल तर प्रोजेक्टरच्या सेटिंगला हात लावू नका, दोष बहुतेक लॅपटॉपचा पोर्ट, अडॅप्टर किंवा केबल यांत आहे.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय यूएसबी-सी पोर्टवर आहे. पोर्टचा आकार तोच असला तरी प्रत्येक यूएसबी-सीमधून चित्र बाहेर पडत नाही. त्यासाठी पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड किंवा थंडरबोल्ट (यूएसबी-सीमधून चित्र पाठवायच्या सोयी) लागतं. पोर्टशेजारी थंडरबोल्टचं (विजेच्या बाणाचं) किंवा डिस्प्लेपोर्टचं चिन्ह असेल तर उत्तमच. नसेल तर लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बघा, कारण काही कंपन्या चिन्ह छापत नाहीत. तुमच्याकडे एचडीएमआय पोर्ट आहेच, तेव्हा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घेणं मला जास्त भरवशाचं वाटतं. घेताना दिशा नीट बघा. व्हीजीए ते एचडीएमआय हा वेगळा जिन्नस आहे, तो उलटा लावून चालत नाही. एचडीएमआय डिजिटल आणि व्हीजीए अॅनालॉग, त्यामुळे मध्ये सिग्नल बदलणारी चिप लागतेच. नुसत्या तारा जोडलेली स्वस्त केबल इथे काम करणार नाही.

व्हीजीएची केबलही एकदा उजेडात धरून बघा. १५ पिनांपैकी एखादी वाकलेली असते. निळा रंग नेणारी पिन टेकत नसेल तर सगळं पिवळसर दिसतं, हिरव्याची नसेल तर गुलाबी-जांभळं. पडद्यावर असा रंग चढला की लोक प्रोजेक्टरचा दिवा गेला म्हणतात, आणि खरा दोष त्या पिनेत असतो. ज्या पिनांवरून लॅपटॉप प्रोजेक्टरचं रिझोल्यूशन वाचतो त्या तुटल्या असतील तर चित्र येतं, पण रिझोल्यूशन भलतंच लागतं. लावताना बाजूचे दोन्ही स्क्रू आवळा.

आता नोट्सचं. विंडोज-पीमध्ये ‘एक्स्टेंड’ निवडा, म्हणजे लॅपटॉपवर आणि पडद्यावर वेगवेगळं चित्र दाखवता येतं. पॉवरपॉइंटचा प्रेझेंटर व्ह्यू (नोट्स दिसणारी, फक्त वक्त्यासाठीची स्क्रीन) तरीही पडद्यावरच गेला तर त्यातच वर डिस्प्ले सेटिंग्ज आहे, तिथून दोन स्क्रीनची अदलाबदल करा. पॉवरपॉइंटच्या स्लाइड शो टॅबमध्ये मॉनिटर आधीच निवडून ठेवलात तर ऐनवेळी धावपळ होत नाही. ‘डुप्लिकेट’ (दोन्हीकडे तेच चित्र) मी फक्त सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं असेल तेव्हाच वापरतो. नोट्स घेऊन बोलणाऱ्याला एक्स्टेंडच हवं.

जुन्या हॉलचा प्रोजेक्टर १०२४ × ७६८ चा, म्हणजे ४:३ असेल तर १६:९ च्या स्लाइडला वर-खाली काळ्या पट्ट्या येतील. तो बिघाड नाही, पण पडद्याच्या उंचीचा पाव भाग वाया जातो आणि अक्षरं बारीक होतात. हॉल आधी ठाऊक असेल तर डिझाइन टॅबमधून स्लाइडचा आकार ४:३ करून घ्या. मात्र हे घरीच करा, कारण आकार बदलला की चित्रं आणि तक्ते सरकतात आणि प्रत्येक स्लाइड परत बघावी लागते.

व्हिडिओ दाखवणार असाल तर व्हीजीएमधून आवाज जात नाही, लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून हॉलच्या स्पीकरला वेगळी वायर लावा. एचडीएमआयवर आवाज प्रोजेक्टरच्या छोट्या स्पीकरकडे जातो. तो नको असेल तर टास्कबारवरच्या आवाजाच्या चिन्हातून आउटपुट बदला.

लॅपटॉपचं नेमकं मॉडेल इथे लिहिलंत तर त्याच्या यूएसबी-सीमधून चित्र निघतं का ते बघून सांगतो.