पोटावरचा पट्टा बाळाचा ऑक्सिजन मोजतो का?

बहिणीला कळा चालू असताना मशीनवरचा आकडा १४० वरून ९० वर आला, कूस बदलल्यावर सावरला, तर बाळाचा ऑक्सिजन कमी झाला होता का, असं तुम्ही विचारलंय. तो आकडा ऑक्सिजनचा नसतो, बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा असतो. मिनिटाला ११० ते १६० ठोके हे नेहमीचं प्रमाण. ऑक्सिजनचा अंदाज त्यावरून बांधावा लागतो, आणि प्रसूतिकक्षात नर्स म्हणून मी रोज तेच करते.

कळ आली की गर्भाशय आवळतं आणि वारेकडे जाणारं रक्त तेवढ्यापुरतं कमी होतं. मधे उसंत मिळाली की बाळ भरपाई करून घेतं. म्हणूनच दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या की कळांचं औषध कमी किंवा बंद करतात.

सीटीजीच्या, म्हणजे पोटावरच्या पट्ट्याला जोडलेल्या या मशीनच्या, कागदावर वर ठोके आणि खाली कळा उमटतात. नाळ दाबली गेली तर ठोके झपकन उतरतात आणि तसेच झपकन चढतात. बहिणीच्या बाबतीत असंच झालं असावं, पण ग्राफ न पाहता ठामपणे सांगणार नाही. आम्हाला धास्ती वाटते ती वेगळ्या खड्ड्याची. कळ ऐन भरात येऊन गेल्यावर ठोके हळूहळू उतरतात, कळ संपली तरी खालीच रेंगाळतात आणि प्रत्येक कळेला तेच होतं. त्यात दोन खड्ड्यांमधली ठोक्यांची रेघ नागमोडी न राहता सपाट झाली, तर डॉक्टरांना लगेच बोलावतो. शंका उरली तर काही ठिकाणी बाळाच्या डोक्याच्या कातडीतून रक्ताचा थेंब घेऊन पीएच, म्हणजे रक्त किती आम्लधर्मी झालंय ते, पाहतात. तो ७.२० किंवा त्याखाली असेल तर प्रसूती लवकर उरकावी लागते.

बाळाच्या गालाला सेन्सर टेकवून थेट ऑक्सिजन मोजायचं यंत्रही निघालं होतं. अमेरिकेत २००० साली त्याला मंजुरी मिळाली. पोटातल्या बाळाचं प्रमाण ३० ते ७० टक्के असतं, त्यामुळे आपल्या बोटावरचा ९८ चा हिशेब तिथे लागू होत नाही. पण पाच हजारांहून जास्त बायकांवरच्या अभ्यासात, २००६ मध्ये, त्याने सिझर कमी होत नाहीत असं दिसलं आणि ते मागे पडलं.

तुम्हाला काही जोखीम नसेल तर सतत पट्टा लावलाच पाहिजे असं नाही. त्याने नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण घटतं, पण सिझर वाढतात. डॉप्लरने, म्हणजे ठोके ऐकायच्या हातातल्या छोट्या यंत्राने, ऐकणं पुरतं, मात्र ते नेमाने व्हायला हवं: दर १५ मिनिटांनी, जोर लावताना दर ५ मिनिटांनी, आणि कळ संपल्याबरोबर पूर्ण एक मिनिट. दोन कळांच्या मधे घाईघाईने ऐकलं तर नेमके उशिरा उतरणारे ठोके निसटतात, म्हणून सोबत येणाऱ्या माणसाला एवढं नक्की सांगून ठेवा.