आजीच्या बटव्यातला रुपया

प्रश्न : आजी गेल्यावर तिच्या बटव्यात, सुपारीच्या खांडांखाली चांदीचा एक रुपया सापडला. एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसरीकडे वेलबुट्टीत 'वन रुपी इंडिया १९११'. इथल्या एका सराफाने वजनावर मोडीत मागितला, पण मन होईना. हा रुपया कसला? चिंचेने घासू का?
– एक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, चिंच आधी लांब ठेवा! माझ्या आईने असाच एक रुपया रांगोळीने घासला. लख्ख झाला खरा, पण राजाच्या दाढीचे केस कायमचे गेले. अजून हळहळ वाटते.

तुमचा रुपया पंचम जॉर्जचा, त्याच्या राजवटीतला पहिलाच. भिंगातून राजाचा अंगरखा बघा. तिथे छोटासा हत्ती आहे. सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. नाराजी पसरली, बरीच नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला. म्हणून तर १९११ चा रुपया संग्राहक शोधत असतात. मोडीत मुळीच घालू नका.

खात्रीसाठी वजन करा : ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. झिजेने किंचित कमी भरेल. चांदी ९१.७ टक्के. चुंबकाला चिकटला किंवा कडेच्या खाचांमध्ये जोडाची रेघ दिसली, तर नक्कल समजा.

कागदी पाकिटात ठेवा, आणि धरताना कडेनेच धरा.