विस्तवावरून थेट ताटात

चि.,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज वाचला. आई म्हणते, मेक्सिकोतल्या वाहाकात फक्त पॅकबंद खा. मैत्रिणी म्हणतात, रस्त्यावरचं खायचं नसेल तर मेक्सिकोला जातेस कशाला. आणि तू विचारतेस, काका, ऐकू कुणाचं? दोघींचंही ऐकू नकोस. डोळ्यांदेखत विस्तवावरून उतरलेलं खा. गाडीवर खा, मंडईत खा, नाहीतर झुंबराखाली बसून खा, मला त्याचं काही नाही. फक्त ते तुझ्यासमोर विस्तवावरून उतरलेलं असू दे.

हे मी फार उशिरा शिकलो. कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं मेक्सिकोतल्याच पुएब्ला शहरात होतो, त्यातले पहिले सहा महिने कुकर, मेतकूट-भात आणि पुण्याहून नेलेल्या लोणच्यावर काढले. वर त्याचा अभिमान! आणि आजारी पडलो कुठे, तर एका चकचकीत हॉटेलच्या बुफेत. चिरून मांडलेली पपई, गार पाण्यात ठेवलेला हिरवा पाला, ग्लासात बर्फ. तीन दिवस उठता येईना. माझ्या घराखालच्या कोपऱ्यावर मात्र एक बाई रोज सकाळी कोमालवर तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, भाजत बसायची. कोमाल म्हणजे आपला तवाच. बाईंच्या हातातला गोळा थापला जायचा, तव्यावर पडायचा, उलटला की टम्म फुगायचा आणि वाफ जायच्या आत गिऱ्हाइकाच्या हातात. सहा महिने मी तिच्यासमोरून नाक मुरडून गेलो.

तो मकाही साधा नसतो. चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर मुरवतात, त्याला निश्तामाल म्हणतात. साल सुटतं, मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. भाकरी खाणाऱ्या पोरीला हे पहिल्या घासाला कळेल.

आता तुझ्यापुरतं. तू डुक्कर खात नाहीस, म्हणून 'सिन मांतेका' हे दोन शब्द पाठ कर, म्हणजे डुकराची चरबी नको. नुसतं 'सिन कार्ने' म्हटलंस तर मांस जाईल, पण घेवड्यातली चरबी राहील, कारण ती पुष्कळांच्या हिशेबात मांसात धरतच नाहीत. त्लायुदा म्हणजे ताटाएवढी तोर्तिया, तिच्यावर असिएंतो नावाचा चरबीचा लेप असतो. तो आधीच नको म्हण, मग काळा घेवडा आणि चीज घालून निखाऱ्यावर भाजलेली खुशाल खा. आणि हो, तुला कोळंबी चालत नाही ना? मग चापुलिनेसपासून चार हात लांब. तव्यावर लसूण, मीठ, लिंबू घालून परतलेले नाकतोडे असतात ते. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना त्यांचाही त्रास होऊ शकतो. इथे विस्तव कामाला येत नाही.

टाको, म्हणजे सारण भरलेली तोर्तिया, विस्तवावरून आला आणि वर तू सकाळपासून उघड्यावर पडलेली, शंभर जणांचा चमचा बुडालेली साल्सा, म्हणजे तिथली चटणी, ओतलीस, तर माझा नियम काय करणार? लिंबू घे, स्वतः पिळ. कच्च्या मासळीचं सेविचे लिंबात 'शिजतं' असं कुणी म्हणालं तर मान डोलाव आणि खाऊ नकोस. लिंबाने मासा पांढरा होतो, जंतू मरतातच असं नाही.

तेहाते नावाच्या पेयापाशी मी अडतो, कबूल. भाजलेला मका, कोको, मामे नावाच्या फळाच्या बिया वाटून बायका मोठ्या भांड्यात हाताने मळतात, वर जाड फेस येतो, आणि गारच देतात. विस्तव आधीच होऊन गेलेला, पाणी मात्र नंतरचं. तिथले लोकही नळाचं पाणी सहसा पीत नाहीत, वीस लिटरचा जार आणतात, त्याला गाराफोन म्हणतात. 'एस आग्वा पुरिफिकादा?' विचार, म्हणजे पाणी शुद्ध केलेलं आहे का. बाईच्या मागे जार उभा दिसला तर पी. दिसला नाही तर हसून पुढे हो. लाजू नकोस! विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि पोट बिघडल्यावर लाज आपोआप सुटते.

मेस्काल, म्हणजे तिथली दारू, घेणार असशील, माझी हरकत नाही. लेबल नसलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतली मात्र नको. भेसळीच्या दारूत मिथेनॉल असू शकतं, ते डोळे घालवतं, जीवही घेतं. पुल्के आपल्या ताडीच्या जातीची, फसफसणारी, पहिल्या दिवशी अर्धा पेला पुरे. मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे. उतरल्या रात्री जड जेवण आणि दारू दोन्ही टाळ.

तरीही बिघडलं तर ओआरएस, घोट घोट. पाकीट संपलं तर लिटरभर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नकोस, डॉक्टरकडे जा.

एक गोष्ट आजवर घरात कुणाला सांगितली नाही. तिथल्या एका सहकाऱ्याच्या आईने मला जेवायला बोलावलं होतं. माझ्यासाठी मोले केला होता. मिरच्या, तीळ, बदाम, कोको भाजून वाटायचे, तासन्‌तास घोटायचं, दोन दिवसांचा खटाटोप. पातेलं चुलीवर रटरटत होतं, मी पाहत होतो. आणि मी पोट बरं नाही म्हणून खोटं बोललो. तिने काही न बोलता माझं ताट फडक्याने झाकलं. मी तेव्हा परक्या देशात एकटा होतो, नोकरी नवी होती, आजारी पडून चालणार नव्हतं, हे सगळं खरं आहे. पण पातेलं रटरटत होतं गं. माझ्याच नियमात पुरेपूर बसणारं जेवण, आणि मी उठून आलो.

वाहाकाच्या बाजारात काळ्या मोलेचं वाटण किलोवर मिळतं. माझ्यासाठी अर्धा किलो आण. नीट बांधून घे, तेल सुटतं.

तुझा,
काका