दुपारची नळी

"मॅडम, सगळे म्हणतात ऑपरेशन छान झालं. मग दिवसातून पाच-सहा वेळा नळी घालून लघवी काढायची, हे काय छान झालं? आणि एवढं करूनही संध्याकाळी कपडे भिजतातच."

आतड्याचा तुकडा जोडून मोठ्या केलेल्या मूत्राशयाशी जुळवून घेताना हा प्रश्न बहुतेक जण विचारतात. हा प्रश्न विचारणारी तरुणी नोकरी करणारी होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) क्षयरोगाने तिचं मूत्राशय आक्रसलं होतं. जेमतेम अर्धा कप लघवी मावायची, म्हणून दर अर्ध्या तासाला जावं लागायचं. शस्त्रक्रियेत लहान आतड्याचा तुकडा उघडून मूत्राशयाला ठिगळासारखा जोडला. जागा वाढली, मूत्रपिंडांवरचा दाब कमी झाला. पण आतड्याच्या त्या भागाला मूत्राशयासारखं जोराने आवळता येत नाही. लघवी साठते, पण पूर्ण बाहेर पडत नाही, म्हणून नळी. ही गोष्ट डॉक्टरांनी तिला सांगितली होती, तिच्या मनाने मात्र नळीचा अर्थ 'शस्त्रक्रिया फसली' असाच लावला होता.

रडू ओसरल्यावर तिला एकच काम दिलं: तीन दिवस वही. नळी घातल्याची वेळ, किती मिली निघालं, किती पाणी प्यायलं, कपडे कधी भिजले. लघवी मोजायला खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं पुरतं.

वहीत सगळं दिसलं. सकाळी साडेआठला 250 मिली. त्यानंतरची नोंद थेट संध्याकाळी पावणेसातला, 780 मिली. मध्ये दहा तास काहीच नाही. दिवसभरात पाणी दोन पेले. कपडे भिजायचे पाचनंतर. म्हणजे मूत्राशय काठोकाठ भरून सांडत होतं, शिवण उसवली नव्हती.

इथे "का घालत नाही?" असं विचारलं की माणूस गप्प होतो. त्याऐवजी "ऑफिसात साडेबाराला नेमकं काय होतं, दार लावल्यापासून सांगा," असं विचारलं. उत्तर साधं निघालं. घरी आई आरसा धरायची, पाकीट फोडून द्यायची. ऑफिसच्या शौचालयात पिशवी ठेवायला जागा नाही आणि एका हातात आरसा धरला की दुसरा हात पुरत नाही. दोनदा प्रयत्न फसला, बाहेर कुणी दार ठोठावलं, त्या दिवसापासून दुपारची नळी बंद. लघवी कमी व्हावी म्हणून पाणीही जवळजवळ बंद. अशा वेळी 'मनाने स्वीकारलं नाही' हा निष्कर्ष घाईचा ठरतो. आधी हाताला कौशल्य आणि पिशवीला खुंटी मिळायला हवी.

धोका मात्र लपवून चालत नाही, तो तिला सरळ सांगितला. जोडलेलं मूत्राशय वारंवार अति ताणलं तर फाटू शकतं. भरल्याची जाणीवही आता पूर्वीसारखी नसते, नुसतं पोट जड वाटतं, म्हणून घाईची वाट न पाहता घड्याळ पाहायचं. पोटात वाढत जाणारी कळ, पोट फुगणं, ताप, उलट्या, खांद्यात दुखणं, नळी घालूनही लघवी फारच कमी येणं, यातलं काही झालं तर उद्यावर ढकलायचं नाही. लगेच रुग्णालय गाठायचं आणि पहिल्याच वाक्यात सांगायचं, "माझ्या मूत्राशयाला आतडं जोडलेलं आहे."

मग परिचारिकेबरोबर आरशाशिवाय सराव. हात साबणाने धुवायचे, बाहेरची जागा पुढून मागे पुसायची. कमोडवर थोडं पुढे सरकून बसायचं. डाव्या हाताच्या दोन बोटांनी योनीबाहेरचे ओठ बाजूला करायचे, मधल्या बोटाने योनीचं तोंड चाचपायचं. मूत्रमार्गाचं छिद्र त्याच्या लगेच वर असतं. जेल लावलेली नळी हळू आत, साधारण चार-पाच सेंटीमीटर. धार लागली की आणखी दोन-तीन सेंटीमीटर. चुकून योनीत गेली तर ती काढायची नाही, तिथेच राहू द्यायची. ती खूण धरून दुसरी नवी नळी तिच्या वरच्या बाजूला घालायची. अडखळली तर जोर लावायचा नाही, खोकायचं किंवा लांब श्वास सोडायचा. धार थांबली की नळी झटकन ओढू नये. जरा जरा बाहेर घ्यावी, पुन्हा धार आली की थांबावं, कारण तळाशी उरलेली लघवी तेव्हाच निघते.

तिची नळी 14 नंबरची होती, म्हणजे सुमारे 4.7 मिलिमीटर जाडीची. "बारीक दिली तर कमी दुखेल," असं तिला वाटायचं. पण आतड्याचा तुकडा शेंबडासारखा स्राव सोडत राहतो आणि बारीक नळीची भोकं त्याने बुजतात. पाणी कमी प्यायलं की तो आणखी घट्ट होतो. मग लघवी उरते, खडे आणि संसर्ग पाठोपाठ येतात. म्हणून डॉक्टरांनी घालून दिल्याप्रमाणे 50 मिलीच्या सिरिंजने सलाइन हळू आत सोडून परत ओढायचं, स्वच्छ येईपर्यंत. हेही तिने ऑफिस सुरू झाल्यावर सोडलं होतं.

"रोज नळी घालून जंतू आत जाणार नाहीत का?" ही भीती रास्त आहे. 1972 साली जॅक लॅपिडीस या अमेरिकन शल्यविशारदांनी निर्जंतुक नव्हे, नुसत्या स्वच्छ पद्धतीने नळी घालणं पुरेसं असल्याचं मांडलं. त्यांचं म्हणणं असं की ताणलेल्या मूत्राशयाचा रक्तपुरवठा मंदावतो आणि तिथे जंतूंचं फावतं. वेळेवर रिकामं करणं हाच बचाव. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू वारंवार सापडतात. ताप, दुखणं, रक्त किंवा अचानक वाढलेली गळती नसेल तर केवळ रिपोर्ट पाहून प्रतिजैविकं घेऊ नयेत.

आईशी वेगळं बोलावं लागलं. दाराबाहेरून "झालं का गं?" ही हाक काळजीची होती, पण त्या हाकेने मुलीचे हात थरथरायचे. ठरलं असं: हाक नाही, आरसा नाही, फक्त मोबाइलचा गजर. आईला हे जड गेलं, तो राग नव्हता, काम हातातून गेल्याचं दुःख होतं.

ऑफिससाठी छोटी पिशवी तयार झाली: दोन नळ्या, एक जादा, जेल, ओले पुसणे, कचऱ्याची अपारदर्शक पिशवी, एक जादा अंतर्वस्त्र आणि दाराच्या वरच्या कडेला अडकवायचा हुक. वेळा सकाळी साडेआठ, साडेबारा, साडेचार, साडेआठ आणि झोपताना. पाणी दोन लिटर, दिवसभर विभागून, रात्री जेवणानंतर कमी.

दहा दिवसांनी वहीत दुपारचे आकडे 350, 380 असे होते आणि दिवसाचं भिजणं थांबलं होतं. रात्रीचं पूर्ण थांबलं नव्हतं. त्यासाठी पहाटे तीनचा गजर लावावा लागला, तो अजून आहे. बी-12 जीवनसत्त्व, मूत्रपिंडाच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफीच्या तारखा तिने त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतल्या. पुढच्या भेटीत तिचा प्रश्न होता, बसच्या सात तासांच्या प्रवासात मधली नळी कुठे घालायची.