कंपन्या आपल्याकडचं ज्ञान कसं सांभाळतात, आणि त्याने कामगिरी खरंच सुधारते का?

तुम्ही लिहिलंय की कंपनीने बराच खर्च करून नॉलेज पोर्टल, म्हणजे कामाची माहिती एका जागी साठवणारी वेबसाइट, आणलं, सगळ्यांना त्यात माहिती भरायला लावली, तरी काम अडलं की लोक एकमेकांना फोनच करतात. मग या सगळ्याने कामगिरी सुधारते तरी कशी? मी यंत्रांच्या मेंटेनन्समध्ये आहे, त्यामुळे हे रोज जवळून बघतो. सुधारते, नक्की सुधारते. पण लोक फोन का करतात हे आधी समजून घ्यायला हवं. त्यांना लेखी माहितीचं वावडं नसतं. ज्या पेचात ते अडकलेत, तो पोर्टलवर कुणी लिहिलेलाच नसतो.

झेरॉक्स या कॉपियर मशीन बनवणाऱ्या कंपनीचं उदाहरण मला यात फार मोलाचं वाटतं. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात तिथल्या कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत फिरून त्यांच्या कामाचा अभ्यास केला. मॅन्युअलमध्ये एरर कोडप्रमाणे, म्हणजे बिघाड झाल्यावर मशीन दाखवतं त्या खुणेप्रमाणे, दुरुस्तीच्या पायऱ्या दिलेल्या होत्या, पण मशीन कधीकधी भलताच कोड दाखवायचं. अशा वेळी उत्तर मिळायचं ते जेवताना एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून. पुढे १९९०च्या दशकात कंपनीने ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. सुरुवात फ्रान्समधल्या तंत्रज्ञांपासून झाली. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती तपासायची, आणि खरी ठरली तर लिहिणाऱ्याच्या नावासकट ती सगळ्यांसाठी खुली व्हायची. प्रत्येक टिपेमागे पैसे द्यावेत असाही विचार होता, पण तंत्रज्ञांनाच ते नको होतं. नाव मात्र हवं होतं. तुमच्या पोर्टलवर लिहिणाऱ्याचं नाव दिसतं का आणि ते तपासतं कोण, हे आधी बघा. तपासणारा त्याच कामातला नसेल, तर कुणी भरवसा ठेवत नाही.

आता जे लिहून देताच येत नाही त्याचं काय? माणसाला सांगता येतं त्यापेक्षा जास्त येत असतं, हे मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ मध्येच मांडलं होतं. जपानच्या मात्सुशिता कंपनीत १९८०च्या दशकात घरगुती ब्रेड मशीन बनवताना पीठ नीट मळलं जात नव्हतं. इकुको तनाका ही सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला राहिली. पीठ ताणताना तो त्याला पीळ देतो, हे तिला तिथे दिसलं आणि मशीनची रचना त्याप्रमाणे बदलली. इकुजिरो नोनाका या जपानी व्यवस्थापनतज्ज्ञाने हे उदाहरण जगभर पोचवलं.

म्हणून निवृत्त होणाऱ्या माणसाला ‘येतं ते सगळं लिहून द्या’ म्हणू नका. दोन पानं मोघम मजकूर हाती येतो. त्याला मशीनपाशी उभं करा आणि शेजारी नवा मुलगा द्या. आमच्याकडे असं संभाषण झालं होतं:

‘काका, बेअरिंग गेलंय हे कशावरून ओळखलंत?’
‘आवाजावरून.’
‘कसला आवाज?’
‘लोड घेतल्यावर घरघर येते. रिकामं फिरताना येत नाही.’
‘मग लगेच उघडायचं?’
‘आधी ग्रीस बघ. काळं पडलंय का, बोटाला कचकच लागते का.’

ही वाक्यं काकांनी स्वतःहून कधीच लिहिली नसती, कारण ती सांगण्यासारखी आहेत असं त्यांना वाटतच नव्हतं. विचारणारा समोर हवा.

अमेरिकन लष्करातली ‘आफ्टर अ‍ॅक्शन रिव्ह्यू’ची पद्धतही घेण्यासारखी आहे: काय व्हायचं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. काम संपल्या संपल्या, सगळं ताजं असताना हे विचारायचं. दोष कुणाचा ही चर्चा सुरू झाली की लोक गप्प बसतात, तेवढं सांभाळा.

मोजमाप करताना किती डॉक्युमेंट अपलोड झाली हे मोजू नका. तोच बिघाड पुन्हा किती वेळा आला, नवा माणूस एकट्याने काम करायला किती दिवसांत लागला, हे बघा. जुन्या नोंदी काढून टाकणंही तितकंच गरजेचं. एक चुकीची पायरी वाचून कुणाचं काम फसलं की तो माणूस परत पोर्टल उघडत नाही. व्यवस्थापनाला पटत नसेल तर सांगा, आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५च्या आवृत्तीतही संस्थेकडचं ज्ञान जपण्याची अट आहे.

सगळ्यात अवघड भाग वेगळाच आहे. ज्याला सर्वाधिक फोन येतात, त्याची कदर बहुतेक वेळा त्या फोनमुळेच होत असते. ते ज्ञान वाटून टाकलं तर आपली गरज संपेल, ही भीती त्याला वाटणारच, आणि ती खोटी नाही. त्याला शिफ्टमधलेच काही तास शिकवण्यासाठी द्या, घरी बसून लिहायला सांगू नका. त्याने किती जणांना तयार केलं, हे वार्षिक मूल्यमापनात धरा. आणि पहिल्या नोंदी त्याला येणाऱ्या फोनवरूनच करा: महिनाभर कोणी काय विचारलं एवढंच टिपून ठेवलंत, तरी पोर्टलवर काय हवंय त्याची यादी तयार मिळेल.