पूलमध्ये व्हाईट आपल्याच बॉलला चिकटून थांबला तर त्याच बॉलवर सरळ मारता येतं का?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत पार्लरमध्ये एट-बॉल (पूलचा एक प्रकार) खेळताना व्हाईट, म्हणजे स्टिकनं मारायचा पांढरा बॉल, तुमच्याच बॉलला चिकटून थांबला, तुम्ही सरळ त्या बॉलच्या दिशेनं मारलं आणि समोरच्यानं ‘पुश झाला (बॉल टोलवण्याऐवजी ढकलला), फाउल’ म्हणत बॉल इन हँड, म्हणजे व्हाईट टेबलावर हवा तिथे ठेवून खेळायचा हक्क, घेतला. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांनी खेळत असाल तर हा फाउल नाही. मात्र बॉल खरोखर चिकटलेला हवा आणि तो चिकटलाय हे मारण्याआधी ठरलेलं हवं. ठरलेलं नसेल, तर समोरच्याचं म्हणणं बरोबर ठरू शकतं.

त्याचा समज कुठून आला असेल, हे सांगतो. आपल्याकडे बरेच जण आधी स्नूकर शिकतात आणि मग पूलकडे वळतात. स्नूकरमध्ये टचिंग बॉल (व्हाईटला चिकटलेला बॉल) असेल तर त्या बॉलला न हलवता व्हाईट बाजूला काढावाच लागतो. तो बॉल हलला की पुश, म्हणजे फाउल. उलट तो बॉल ‘ऑन’ (त्या वेळी नियमानं मारायचा बॉल) असेल तर व्हाईट बाजूला काढला तरी त्याला लागला असं धरतात. लाल-पिवळ्या छोट्या बॉलच्या इंग्लिश पूलमध्येही चिकटलेल्या बॉलपासून दूरच खेळायचं असतं. नंबरच्या मोठ्या बॉलचा पूल नेमका याच्या उलट आहे. इथे चिकटलेल्या बॉलच्या दिशेनं मारता येतं आणि तो हलला की व्हाईट त्याला लागला असं धरतात. पण दूर मारलंत तर त्या बॉलला लागल्याचं धरत नाहीत. व्हाईट फिरून तुमच्या कुठल्या तरी बॉलला लागलाच पाहिजे, नाहीतर फाउल.

आता खरी गोम. चिकटलेल्या बॉलवर मारायला मुभा आहे, पण दोन-तीन मिलिमीटर फट असलेल्या बॉलवर तसंच सरळ मारलं तर जवळजवळ नक्की फाउल होतो. स्टिक साधारण अर्धा किलोच्या आसपास असते आणि बॉल १५६ ते १७० ग्रॅमचा, म्हणजे स्टिक बॉलच्या तिप्पट जड. व्हाईट फट ओलांडून समोरच्या बॉलवर आदळतो आणि आपला वेग त्याला देऊन जागीच थबकतो. स्टिक मात्र पुढे येतच असते, त्यामुळे टिप, म्हणजे स्टिकचं पुढचं टोक, व्हाईटला दुसऱ्यांदा लागते. हा डबल हिट. डोळ्याला तो दिसत नाही, कारण टिप आणि बॉलचा संपर्क सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच असतो. म्हणून खूण ओळखायची ती व्हाईटच्या चालीवरून: जवळजवळ सरळ मारलेला व्हाईट समोरच्या बॉलच्या मागोमाग, त्याच्याच वेगानं लगेच धावला तर डबल हिट समजायचा. नुसत्या फॉलोचा (पुढे फिरत जाईल असा मारलेला) व्हाईट आधी क्षणभर थबकतो आणि मग पुढे सरकतो.

चिकटलेल्या बॉलला ही खूण लावता येत नाही. तिथे टिप दोन्ही बॉल एकत्रच ढकलते, त्यामुळे व्हाईट बॉलबरोबर पुढे जाणारच. तुमच्या प्रतिस्पर्ध्यानं बहुधा हेच पाहिलं आणि हात वर केला.

सगळा निकाल चिकटलाय की नाही यावर अवलंबून असल्यानं नियमात ती जबाबदारी मारणाऱ्यावर टाकली आहे. रेफरीनं किंवा प्रतिस्पर्ध्यानं ‘टच आहे’ असं म्हटलं नाही तोवर बॉल सुटा आहे असंच धरलं जातं. पार्लरमध्ये रेफरी नसतो, तेव्हा वाकण्याआधी प्रतिस्पर्ध्याला स्पष्ट विचारा, ‘टच आहे ना?’ त्याच्या तोंडून ‘हो’ येऊ द्या. नुसती मान हलवली तर परत विचारा. यात संकोच करण्यासारखं काही नाही, आणि माझ्या मते पार्लरमधली निम्मी भांडणं या एका प्रश्नानं टळतील.

बघायची पद्धतही नीट हवी. वरून पाहिलं तर थोडी फट असलेले बॉलसुद्धा चिकटलेले वाटतात. खाली वाका, डोळा बॉलच्या उंचीला आणा आणि दोन्ही बॉल शेजारीशेजारी दिसतील अशा बाजूनं पाहा. पूलचा बॉल ५७.१५ मिमी व्यासाचा, म्हणजे दोन सारखे बॉल कापडापासून साधारण २८.६ मिमी उंचीवर एकमेकांना भिडतात. नजर तिथेच लावायची. पलीकडून मोबाइलचा टॉर्च धरला तर उजेडाची रेघ दिसते का ते लगेच कळतं. रेघ दिसली तर फट आहे. मग दुसऱ्या बाजूनंही एकदा पाहा. बॉलला बोट लावायचं नाही, मधे कागद सरकवायचा नाही. सेटमधला व्हाईट बदललेला, किंचित लहान असेल तर भिडण्याची जागाही थोडी सरकते, हे लक्षात ठेवा.

‘टच’ ठरल्यावरही सगळं मोकळं होत नाही. चिकटलेला बॉल प्रतिस्पर्ध्याचा असेल आणि तुमच्या फटक्यानं तो आधी हलला तर चुकीचा बॉल पहिला लागला, म्हणून फाउल. तेव्हा त्याच्यापासून दूरच मारा. चिकटलेला बॉल तुमचाच आहे, पण त्याच्यापुढे बोटभर अंतरावर तिसरा बॉल आहे, असं असेल तर सांभाळून. तुमचा बॉल तिसऱ्यावर अडतो, त्यामागे व्हाईट अडतो आणि टिप परत लागते. चिकटल्याची सूट या डबल हिटला नाही. शिवाय काहीच पॉकेटमध्ये गेलं नाही तर लागल्यानंतर कुठला तरी बॉल कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) गेला पाहिजे, हा नेहमीचा नियम इथेही आहेच.

निशाण्याबाबत एक गोष्ट. चिकटलेला बॉल दोन्ही बॉलच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवर जातो असं आपण धरतो. पण स्टिक त्या रेषेशी कोनात असेल तर घर्षणानं बॉल थोडा स्टिकच्या दिशेकडे ओढला जातो. बॉलवर खडूची भुकटी, घाम असेल तर जास्तच. पॉकेट थोडं बाजूला असेल तेव्हा याचा उपयोग करून घेता येतो.

आणि बॉल सुटा निघाला तर? खडूच्या ठोकळ्याच्या रुंदीपेक्षा कमी फट असेल तर सरळ मारायचा मोह सोडा. सगळ्यात सुरक्षित म्हणजे समोरच्या बॉलला अगदी पातळ चाटून जाणं. जेमतेम स्पर्श झाला तर डबल हिट झाला नाही असंच नियमात गृहीत धरलं आहे. पूर्ण मारायचंच असेल तर स्टिकचा मागचा भाग उचला आणि छोटा, लगेच थांबणारा फटका मारा. स्टिक तिरकी धरली की फाउल होतच नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. टिप दोनदा लागली तर कुठल्याही कोनात तो फाउलच. तिसरी वाट म्हणजे तो बॉल सोडून दुसऱ्या बॉलवर किंवा कुशनवरून खेळणं.

दुसरे दोन बॉल आपसात चिकटलेले असतील, त्यांतला एक तुमचा आणि एक प्रतिस्पर्ध्याचा, आणि व्हाईट दोघांना एकदमच लागल्यासारखा वाटला, तर आधी कुठला लागला हे सांगता येत नसताना निर्णय मारणाऱ्याच्या बाजूनं जातो.

बॉल कुशनला चिकटला असेल तेव्हाही आधी बोला. तुम्ही, प्रतिस्पर्धी किंवा रेफरी यांपैकी कुणी तसं सांगितलं नसेल तर तो सुटा धरतात. सांगितलं असेल तर त्याच कुशनवर दाबून चालत नाही. तो कुशनपासून सुटून परत तिथे आला पाहिजे, दुसऱ्या कुशनला गेला पाहिजे किंवा पॉकेटमध्ये गेला पाहिजे, नाहीतर व्हाईट किंवा दुसरा एखादा बॉल कुशनला लागला पाहिजे.