खेळाच्या घड्याळात फक्त खरी मेहनत धरतात

या अंकासाठी घरी व्हिडिओ गेम खेळून व्यायाम करणाऱ्या वाचकांचे प्रश्न निवडले आहेत. बहुतेक प्रश्न निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवरच्या ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’बद्दल (२०१९) आहेत. हातात लवचीक रिंग आणि डाव्या मांडीला पट्टा, दोन्हींत स्विचचा एकेक छोटा कंट्रोलर (जॉयकॉन), आणि तुम्ही जागच्या जागी धावलात की पडद्यावरचा माणूस धावतो, असा हा खेळ.

प्रश्न: रोज पाऊण तास खेळतो, घाम येतो. दीड महिना झाला तरी वजन काटा सोडायला तयार नाही. कुठे चुकतंय?

पाऊण तास कोणत्या घड्याळाचा, ते आधी बघा. गोष्टीतले संवाद, मेनू, खरेदी, पुढचा व्यायाम निवडणं, या सगळ्यात बराच वेळ उभ्या उभ्या जातो. सत्राच्या शेवटी खेळ जो व्यायामाचा वेळ दाखवतो, त्यात प्रत्यक्ष हालचालच धरलेली असते. पाऊण तासातून तो २५ मिनिटं निघाला तर नवल नाही.

आता हिशेब. मध्यम श्रमाच्या व्यायामाला साधारण ४ मेट धरतात, म्हणजे शांत बसल्यावर लागते त्याच्या चौपट ऊर्जा. ७० किलो वजनाच्या माणसाला २५ मिनिटांत ४ × ७० × २५/६० म्हणजे सुमारे ११७ किलोकॅलरी लागतात. त्यातल्या २९ नुसतं बसून राहिलं असतं तरी खर्च झाल्याच असत्या, म्हणजे व्यायामाची खरी कमाई ८८. एक किलो चरबीला ढोबळ ७,७०० किलोकॅलरी धरल्या, तर खाणं तेच ठेवून रोज खेळल्यावर किलोभर उतरायला जवळजवळ तीन महिने लागतील. दीड महिन्यात अर्धा किलो गेलाही असेल, पण शरीरातलं पाणीच दिवसागणिक एखाद्या किलोने वरखाली होतं, त्यात तो दिसणार नाही. शिवाय नव्या व्यायामाने दुखावलेले स्नायू सुरुवातीला पाणी धरून ठेवतात.

तेव्हा रोजच्या आकड्यावर चिडू नका. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर वजन करा, आठवड्याची सरासरी काढा आणि ती मागच्या आठवड्याशी ताडून बघा. नाभीच्या रेषेत कंबर मोजा, तीही आठवड्यातून एकदा. आणि खेळून झाल्यावर गोड पेय पिण्याची सवय असेल तर ती मोडा. वरच्या ८८ मधला मोठा वाटा एका पेल्यात परत येतो.

प्रश्न: धावताना पडद्यावरचा माणूस मधेच थबकतो. बैठक पूर्ण घातली तरी खेळ ‘अजून खाली’ म्हणतो.

दहातल्या आठ वेळा दोष मांडीच्या पट्ट्याचा असतो. ढगळ पँटवर बांधलेला पट्टा घामाने आणि हादऱ्यांनी गुडघ्याकडे सरकतो आणि आतला जॉयकॉन वाकडा होतो. पट्टा अंगाला चिकटणाऱ्या कपड्यावर किंवा सरळ त्वचेवर, मांडीच्या पुढच्या बाजूला बांधा. दोन बोटं कशीबशी आत जातील इतका घट्ट हवा. पाय बधिर होत असेल तर तो जास्त झाला.

पट्टा नीट असूनही चुकत असेल तर तुमची धावण्याची पद्धत बघा. बरेच जण टाच मागे उचलतात. त्यात मांडी जागची हलतच नाही, आणि सेन्सर मांडीचाच कल मोजतो. गुडघा पुढे उचला. बैठकीतही तेच: कमरेतून नुसतं पुढे वाकलात तर मांडी आडवी होत नाही.

एवढ्यानेही सुधारलं नाही तर स्विचच्या सेटिंगमध्ये कंट्रोलर आणि सेन्सरच्या भागात जाऊन गती-सेन्सर नव्याने जुळवा. जॉयकॉन रिंगमधून आणि पट्ट्यातून काढून सपाट टेबलावर ठेवा, जुळणी संपेपर्यंत टेबलाला हात लावू नका.

या सेन्सरची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. पट्टा एकाच पायाला आहे, त्यामुळे उजवा पाय किती उचलला हे खेळाला दिसत नाही. गुडघा आत वळला, पाठ गोल झाली, तेही नाही. पडद्यावर शाबासकी मिळाली म्हणजे व्यायाम बरोबर झाला, असं समजू नका. आठवड्यातून एकदा मोबाइल बाजूला उभा करून स्वतःचं चित्रण बघा.

प्रश्न: खालच्या मजल्यावर आवाज जातो म्हणून सायलेंट मोड लावला. आता गुडघे दुखतात.

सायलेंट मोडमध्ये धावण्याच्या जागी गुडघे वाकवून हलके दबकणं येतं. म्हणजे हादरे गेले, पण मूळ बैठकांच्या जोडीला शेकडो वाकणी आली. तो मोड बंद करा, जाड रबरी चटईवर बूट घालून उड्या न मारता चालीने गुडघे उचला. खेळाला तेवढं पुरतं. बैठकींच्या जागी दोन आठवडे हाताचे आणि पोटाचे व्यायाम निवडा. परत सुरू करताना मागे खुर्ची ठेवा, नितंब आधी मागे न्या, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेत ठेवा आणि दुखत नाही तितकंच खाली जा. सूज आली, गुडघा अडकला किंवा पाय लचकून दगा देऊ लागला तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: काठिण्य ३० पर्यंत पोचलो. आता पुढे काय? एवढाच व्यायाम पुरेल का?

३० ही कमाल पातळी. पण काठिण्य वाढतं तेव्हा मुख्यतः आवर्तनं वाढतात, रिंगचा ताठरपणा तोच राहतो. म्हणून काही काळाने दम टिकतो, पण ताकद वाढायची थांबते. वेग कमी करून बघा: बैठकीत तीन सेकंद खाली, एक सेकंद थांबा, मग वर. तुम्ही सावकाश केलंत म्हणून खेळ घाई करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, अशी आहे. पहिली अट खेळाने भागते, अर्थात मिनिटं खेळाच्या घड्याळाची धरून. श्रम मध्यम आहेत की नाही, हे बोलून ओळखा: वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. दुसऱ्या अटीत पाठ उणी पडते. रिंग ताणण्याचे व्यायाम आहेत, पण ओढायला वजन नाही. पुस्तकांनी भरलेली बॅग एका हाताने कमरेपर्यंत ओढा, प्रत्येक बाजूने १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. शेवटच्या दोन ओढी सहज जमल्या तर पुस्तकं वाढवा.

प्रश्न: खेळ दाखवतो तो नाडीचा आकडा खरा मानावा का?

व्यायामातला नाही, व्यायामानंतरचा म्हणून माना. उजव्या जॉयकॉनमधला सेन्सर अंगठ्यातला रक्तप्रवाह बघतो, तेही तुम्ही थांबल्यावर, आणि तोवर नाडी उतरायला लागलेली असते. अंगठा गार असेल किंवा फार दाबून धरलात तरी मोजणी बिघडते, म्हणून हलका टेकवा.

प्रश्न: पट्ट्याला वास येतो.

जॉयकॉन काढून पट्टा आणि रिंगवरच्या सुट्या मुठी हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. रिंग स्वतः पाण्यात घालू नका, ओलसर फडक्याने पुसा.